उन्हात फुगणारी शाई

त्या बुधवारी सी तिजानींनी समुद्रावरची बंदी उठवली.

बंदी दीड वर्ष जुनी होती. बायको गेल्यानंतर सात महिने ते खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघत राहिले, आणि मग एका सकाळी, कुणाला काही न सांगता, बाजारात जाऊन एक स्वस्तातला टाकीवाला प्रिंटर काखोटीला मारून घेऊन आले. त्याच्या एका बाजूला चार पारदर्शक टाक्या होत्या. काळी, निळी, गुलाबी आणि पिवळी. खोक्यावर ठळक लिहिलं होतं की एकदा टाक्या भरल्या की हजारो पानं निघतात, आणि फोटो स्टुडिओसारखे येतात. गल्लीत सगळे आदराने 'सी' म्हणत त्या तिजानींनी चौतीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त केली होती. यंत्रासोबत आलेल्या कागदावर त्यांचा गाढ विश्वास. त्यांनी फोनमधले बायकोचे फोटो छापायला घेतले. करकेना बेटांच्या बोटीवरची बायको. करकेनाच्या किनाऱ्यावरची बायको. पाण्यात गुडघ्यापर्यंत उभी राहून फोटो काढणाऱ्यावर ओरडणारी बायको.

आता स्फाक्ससारख्या बंदरातल्या माणसाच्या फोटोत समुद्र नाही तर काय असणार? निळी टाकी बघता बघता निम्म्यावर आली. सी तिजानी हबकले. त्यांनी आधी फोनमध्येच फोटोंतला समुद्र कापायला सुरुवात केली. मग आकाश. त्यांची बहीण झकिया आणि तिचं आख्खं कुटुंब बोटीच्या कठड्याला रेलून कोऱ्या पांढऱ्या कागदावर तरंगत असलेलं एक चित्र बरेच दिवस फ्रिजवर होतं. त्यानंतर निळी आणखी खाली गेली तेव्हा त्यांनी प्रिंटरची वायर गुंडाळून ठेवली आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसले.

त्यांची मुलगी रौदा एक्केचाळीस वर्षांची होती, नगरपालिकेच्या ग्रंथालयात कामाला. ती हे चार दिवस बघत राहिली. पाचव्या दिवशी ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, जिथे तिला कुणी ओळखत नव्हतं अशा दुकानात गेली, निळ्या शाईची बाटली घेऊन आली, आणि बाबा दुपारचे आडवे झालेले असताना तिने टाकी वरच्या खुणेपर्यंत भरून टाकली.

"रौदा!" संध्याकाळी हाक आली. "ही वर आलीय!"

"काय वर आलंय, बाबा?"

"शाई!"

तेव्हाच ती सांगणार होती. तोंड उघडलंही होतं. पण बाबा गुडघ्यांवर बसून बॅटरीने टाकीत बघत होते, आणि तिने काही बोलायच्या आत त्यांनी निदान करून टाकलं.

"ऊन! दुपारभर इथं ऊन येतं. वस्तू तापली की फुगते. मी आयुष्यभर थंडीच्या धंद्यात होतो, मला उन्हाचं कुणी शिकवायला नको."

आणि ते हसले. मांडीवर थाप मारून, खोकला येईपर्यंत. बायको गेल्यापासून पहिल्यांदा. रौदाने तोंड मिटलं.

मग काय, प्रिंटर खिडकीत गेला. सकाळच्या उन्हाला एका खिडकीत, दुपारच्या उन्हाला दुसऱ्या. सी तिजानी आल्यागेल्याला ऊन आणि शाई यांचं नातं समजावून सांगू लागले. गल्लीतल्या मुलांचे शाळेचे कागद, लग्नांचे फोटो, हरवलेल्या मांजराची जाहिरात, सगळं त्यांच्याकडे छापायला येऊ लागलं. फक्त समुद्र ते छापत नसत. "ऊन देतंय म्हणून ओरबाडायचं नाही," म्हणायचे. आणि रौदा दर पंधरा दिवसांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला जात होती. रव्याच्या डब्यात तिने बाटल्या लपवल्या होत्या. दर वेळी ठरवायची, या खेपेला सांगून टाकू. ग्रंथालयात पुस्तकं लावताना तिने वाक्यंसुद्धा जुळवली होती. पण घरी यावं तर बाबा जिन्यातच कुणाला तरी धरून उष्णतेवर बोलत उभे असायचे, आणि ती बाजूने वर निघून जायची.

समोरच्या लामीन न्हाव्याने त्यांचं ऐकून अगदी तसाच प्रिंटर घेतला, दुकानाच्या काचेत उन्हात ठेवला, आणि दोन महिन्यांत त्यातून पट्ट्यापट्ट्यांचे फोटो यायला लागले. त्या बुधवारी तो एक मार्कर पेन घेऊन जिना चढून आला.

"सी तिजानी, तुमचा प्रिंटर एक तर औलिया आहे, नाहीतर तुम्ही थापाडे."

"थापा मारायच्या असत्या तर मी न्हावी झालो नसतो?"

"माझी सून झेब्र्यासारखी आलीय हो फोटोत! ती माझ्याशी बोलत नाही."

"तुझं ऊन चुकीच्या दिशेचं आहे, लामीन. मी तेव्हाच सांगितलं होतं."

लामीनने निळ्या टाकीवर शाईच्या पातळीला रेघ ओढली. ठरलं असं की आज दिवसभर छापायचं. शाई रेघेखाली गेली तर सी तिजानींनी चौकात उभं राहून कबूल करायचं की ऊन लागून आपलंच डोकं फुगलंय. नाही गेली तर वर्षभर दाढी फुकट.

"रौदा," सी तिजानींनी बाह्या सरसावल्या, "मोठे कागद काढ. आज समुद्राला परवानगी!"

सी तिजानी आणि लामीन वेड लागल्यासारखे छापत सुटले. मोठ्या चकचकीत कागदावर, कडेपासून कडेपर्यंत, करकेनाचा समुद्र सकाळचा, दुपारचा, ढगांखालचा, बोटीच्या मागे फेसाळलेला. ओले समुद्र सोफ्यावर, पलंगावर, इस्त्रीच्या टेबलावर, टीव्हीवर. लामीन उशीच्या अभ्र्याने वारा घालत होता. दर समुद्रागणिक तो वाकून रेघ बघायचा आणि लग्नातलं गाणं गुणगुणायचा. बाराव्या समुद्राला शाई रेघेच्या बोटभर खाली होती. रौदा स्वयंपाकघरात रात्रीच्या जेवणाची माकुल मासळी साफ करत उभी होती, आणि तिच्या हातातून एकेक माकुल निसटून परातीत पडत होतं.

"तिजानी, चौकात जायला चप्पल घाला!"

"अजून ऊन खिडकीवर आलं नाही. दम धर."

तेवढ्यात असरची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, बांग झाली. दोघांनी हातपाय धुतले आणि आतल्या खोलीत नमाजाला उभे राहिले. देवाने माफ करावं, पण रौदाला त्या नमाजाच्या चार रकाता, चार आवर्तनं, पुरेशा होत्या. तिने रव्याच्या डब्यात हात घातला, बाटली उपसली, टाकीचं बूच काढलं आणि जीव खाऊन दाबली. जरा जास्तच. शाई रेघेपर्यंत आली, रेघ ओलांडली, आणखी बोटभर वर गेली, आणि उरलेली रौदाच्या मनगटावरून कोपराकडे निघाली. आतून नमाज संपल्याचा सलाम ऐकू आला. ती धावत जाऊन कोपरापर्यंत हात परातीत खुपसून उभी राहिली.

लामीन टाकीसमोर वाकला. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला.

"सी तिजानी," तो हळू आवाजात म्हणाला, "ही गाभण आहे."

सी तिजानींनी खिडकीतून आत आलेल्या उन्हाच्या तिरिपेकडे नुसतं बोट दाखवलं. ते हसत हसत मागे सरकले आणि सोफ्यावरच्या ओल्या समुद्रावर बसले, उठले तर आख्खा समुद्र पँटला चिकटलेला. लामीन त्यांना फिरवून फिरवून बघायला लागला. "अरे, भरती आली! भरती आली!" म्हणत दोन म्हातारे एकमेकांना धरून खोलीभर डोलत होते. खालून कुणीतरी विचारलं, वर लग्न आहे का?

हसू ओसरल्यावर सी तिजानी स्वयंपाकघरात आले.

"तुझा हात निळा कशाने?"

"माकुल साफ करतेय, बाबा."

"माकुलाची शाई काळी असते."

"ताजं असलं की निळी असते."

त्यांनी तिच्या हाताकडे एकदा पाहिलं. मग वाडग्यातलं एक ऑलिव्ह उचलून तोंडात टाकलं. "म्हणजे आज फारच ताजं मिळालं," म्हणाले, आणि बाहेर गेले.

उद्या सांगू, रौदाने ठरवलं. आता हे फार झालं. उद्या ग्रंथालयातून लवकर यायचं, चहा ठेवायचा आणि सांगायचं.

गुरुवारी दुपारी सी तिजानी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घर माणसांनी भरलं होतं. खाली गल्लीत खुर्च्या मांडल्या होत्या आणि तिथे कुराणाचं पठण चालू होतं. वर बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. झकिया आत्या सकाळच्या बोटीने करकेनाहून आली होती आणि भावाच्या खुर्चीत दुसऱ्या कुणाला बसू देत नव्हती. प्रत्येकाला सी तिजानींचा फोटो हवा होता, आणि तो त्यांच्याच प्रिंटरवरचा हवा होता. बोटीवरचा, कठड्याला टेकून डोळे बारीक केलेला, मागे नजर पोचेल तिथवर पाणी. रौदा एकापाठोपाठ एक छापत होती. हाताला काम होतं म्हणून तिला बरं वाटत होतं.

लामीन प्रिंटरशेजारी उभा होता, मजारीचा मुजावर असावा तसा. बुधवारची गोष्ट तो येणाऱ्या प्रत्येकीला सांगे, आणि दर खेपेला शाई थोडी जास्त वर येई. सकाळी ती बोटभर चढली होती. दुपारी चार बोटं. आता ती बूच उडवून बाहेर आली होती.

"मी शपथेवर सांगतो. या डोळ्यांनी पाहिलं. आम्ही नमाज पढून आलो आणि..."

तो मध्येच थांबला. त्याने वाकून टाकी पाहिली.

"ही खाली गेली," तो म्हणाला. "बघा. तो गेला आणि शाईही निघाली त्याच्यामागे."

कोपऱ्यातल्या एकीने हुंदका दिला. मग दुसरीने. झकिया आत्या खुर्चीतून उठली.

"बंद करा ते. आता एकही फोटो छापू नका. उरलीय ती तशीच राहू दे त्याची बरकत म्हणून. फडकं आणा कुणीतरी, झाकून ठेवा."

खरोखरच कुणीतरी फडकं आणलं. लामीन ते दोन्ही हातांत धरून यंत्रावर पसरायला निघाला. रौदाला ते सात महिने आठवले. ती खुर्ची, ती भिंत, आणि घरात कुणीच काही बोलत नसलेलं.

"थांबा," ती म्हणाली. "ती मी भरत होते."

"काय?"

"शाई. मी भरत होते. दीड वर्ष."

लामीन फडकं धरून तसाच उभा.

"बुधवारी?"

"बुधवारीपण. तुम्ही दोघं आत होतात तेव्हा."

"मी नमाजात होतो, रौदा!"

"हो. तेवढाच वेळ मिळाला."

"पण ती रेघेच्या वर आली होती!"

"घाईत जास्त दाबली गेली, काका."

लामीनने हे सगळं मनातल्या मनात मांडून पाहिलं असावं. त्याचे ओठ हलत होते. "म्हणजे माझा प्रिंटर," तो सावकाश म्हणाला, "दोन महिने उन्हात ठेवला, तो..."

"उन्हानेच वाळला."

"आणि माझी सून..."

"माफ करा, काका."

झकिया आत्याने शालीचं टोक तोंडात कोंबलं. तिचे खांदे हलू लागले तशा दोघी तिला सावरायला धावल्या, आणि जवळ जाऊन बघतात तर ती हसत होती. "मला," ती गुदमरत म्हणाली, "मला त्याने फोनवर तासभर शिकवलंन. मी माझी औषधाची बाटली उन्हात ठेवली होती! फुगेल म्हणून!" मग कुणाचंच काही चालेना. काळ्या कपड्यांतल्या दहा-बारा बायका एकमेकींच्या अंगावर कोसळून हसत होत्या. खाली पठण करणारा थबकला, जरा जोरात खाकरला, आणि त्या खाकरण्याने तर कहरच झाला. लामीन जमिनीवर बसला, फडक्याने डोळे पुसत राहिला, "झेब्रा, माझी सून झेब्रा" एवढंच त्याला म्हणता येत होतं.

आत्याला पहिल्यांदा श्वास सापडला. तिने रौदाचा हात धरला.

"अगं पोरी, मग त्याला का नाही सांगितलंस?"

प्रिंटर मघाशी दिलेलं शेवटचं पान अजून छापत होता. आधी आकाश आलं, मग बाबांचे केस, कपाळ, बारीक केलेले डोळे. ग्रंथालयात जुळवलेली सगळी वाक्यं माफीने सुरू व्हायची. त्यातलं एकही आता तिच्या उपयोगाचं नव्हतं. आत्याच्या हातातला हात न सोडता ती त्या कागदाकडे वळली.

"बाबा," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "शाई उन्हाने नाही फुगायची. मी ओतायचे. तुम्ही परत बोलायला लागला होतात ना, ते मला थांबू द्यायचं नव्हतं."