तीन हजार रक्तगट

मित्रांनो, खालापूरच्या एका रक्तदाता मंडळाच्या कचेरीत खिडकीखाली जो काळा, घरघरणारा डबा दिसतो, तो मी. मला सर्व्हर म्हणतात. नऊ वर्षांपूर्वी नवा होतो, तेव्हा लोक मला बघायला यायचे. आता माझ्यावर चहाचे ग्लास ठेवतात. पण तीन हजार रक्तदात्यांची नावं, गावं आणि रक्तगट अजून माझ्याच पोटात आहेत.

माझी देखभाल शेलूहून येणाऱ्या हर्षलाताई करतात. रोज पहाटे माझ्यातल्या माहितीची एक प्रत वेगळ्या डिस्कवर उतरते; तिला बॅकअप म्हणतात. त्यानंतर होणारा प्रत्येक बदल मी वेळेसकट लॉगमध्ये, म्हणजे माझ्या रोजनिशीत, टिपून ठेवतो. ताई दर महिन्याला ती प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून बघायच्या. त्यांचा सहकारी हरेश हसायचा. "चाललेलं कशाला चालवून बघायचं, ताई?"

तो गुरुवार मी विसरणार नाही. एका दात्याचा रक्तगट चुकीचा पडला होता, तो हरेशला सुधारायचा होता. आज्ञा दोन ओळींची होती: काय बदलायचं, आणि कोणाचं बदलायचं. घाईत दुसरी ओळ सुटली. मी पडलो हुकमाचा ताबेदार. अकरा बेचाळीसला मी सगळ्याच्या सगळ्या तीन हजार जणांना 'ओ पॉझिटिव्ह' करून टाकलं.

हरेशने पडद्यावर पाहिलं: सगळ्यांपुढे एकच गट. तेवढ्यात फोन वाजला, तो त्यानेच उचलला. कर्जतच्या रुग्णालयातून नर्सबाई बोलत होत्या. डोंगरावरच्या वाडीतली गोदा बाळंत झाली होती. रक्त फार गेलं होतं, आणि तिचा गट 'बॉम्बे', हजारो माणसांत एखाद्याचा. तिला फक्त त्याच गटाचं रक्त चालणार होतं आणि रक्तपेढीत एकही पिशवी नव्हती.

"संध्याकाळपर्यंत कसंबसं निभावू," त्या म्हणाल्या. "तुमच्या यादीत कोणी आहे का?"

'नाही' म्हटलं असतं तर कोणाला कळलं नसतं. हरेशने फोन हाताने झाकून पलीकडच्या टेबलावरच्या ताईंना हाक मारली. "ताई, माझ्याकडून सगळे रक्तगट पुसले गेले."

ताई रागावल्या नाहीत. "अर्ध्या तासात सांगते," त्या नर्सबाईंना म्हणाल्या आणि हरेशकडे वळल्या. "सगळ्यांना कळव, आता कोणी काही भरायचं नाही."

"पहाटेची प्रत ह्याच्यावरच टाकू?"

"नको रं. सकाळच्या नोंदी जातील, आणि प्रत खराब निघाली तर हातचंही जाईल. बाजूच्या यंत्रावर उघड."

बारा मिनिटं लागली. हरेश उभाच होता. प्रत उघडल्याबरोबर त्याने 'बॉम्बे' शोधलं. एकही नाव नव्हतं.

"नाय कोणी," तो म्हणाला.

"ही पहाटेपर्यंतची. सकाळचं लॉगमध्ये आहे, ते पुढे चालव. पण अकरा एक्केचाळीसला थांब, नाहीतर चूकही परत होईल."

आता माझी कसोटी होती. माझी डिस्क जुनी. मधलीच एखादी नोंद वाचता आली नाही तर? मी एकेक बदल देत गेलो. आठ वाजताचे. नऊचे. दहा वीसला प्रयोगशाळेतून निकाल आले होते, त्यांत एक ओळ होती: रोहिदास, पोशीर, बॉम्बे. आठवड्यापूर्वी शिबिरात त्याने नुसता तपासणीला नमुना दिला होता.

ताईंनी लगेच फोन लावला. रोहिदास भाताच्या खाचरात होता.

"माजा गट असला हाय, हे मलाच ठाव नव्हतं," तो म्हणाला. "कुटं यायचं तेवढं सांगा."

दुपारभर ताई आणि हरेश बाजूच्या यंत्रावरची यादी माझ्यातल्या नावांशी ताडून पाहत होते. जुळल्यावरच त्यांनी रक्तगट माझ्यात परत आणले. संध्याकाळी साडेसहाला नर्सबाईंचा फोन आला. रक्त चढलं होतं, आणि गोदा बाळाला जवळ मागत होती.

दोन महिन्यांनी ती बाळाला घेऊन कचेरीत आली. हरेश उठून उभा राहिला. "तुमच्या वेळेला यादी माझ्याच हातून पुसली गेली होती," तो म्हणाला.

गोदाने बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "अन् शोदून बी तुमीच दिलीत ना? मंग बसा की, उबं कशाला?"

मित्रांनो, आता माझ्या जागी नवा सर्व्हर येणार आहे. त्याला जपा. काही बदलण्याआधी तो बदल किती जणांना लागणार ते पाहा, आणि जपून ठेवलेली प्रत अधूनमधून उघडून बघा. पण त्या दिवशी काय बिघडलं ते माझ्या लॉगमध्ये असूनही मला बोलता आलं नाही. सांगावं हरेशलाच लागलं. तुमच्या हातून काही चुकलं तर लगेच सांगा. तुम्ही सांगेपर्यंत आमच्यासारख्यांना काहीच करता येत नाही.