एका थराचं चित्र

थोरल्या बाईंनी लॅब सोडली तेव्हा डोळे थकल्याचं कारण सांगितलं, आणि सगळ्यांनी ते मुकाट्याने मान्य केलं. धाकट्या बाईंना तर जरा सुटल्यासारखंच वाटलं. हे चारचौघांत बोलायची सोय नाही, कारण थोरल्या बाई त्यांच्या सख्ख्या नणंद. पण खोटं कशाला बोला, वाटलं ते वाटलं. लॅबमधली माणसं दोघींना असं बाई-बाई म्हणत. आपण नुसतं थोरली आणि धाकटी म्हणू, त्यांची हरकत नसावी.

दोघी पेशी तपासणाऱ्या डॉक्टर. नणंद-भावजय नंतर झाल्या, आधी मैत्रिणी. काचेवरच्या पेशी कशा वाचायच्या हे धाकटीला थोरलीनेच शिकवलं, आणि पुढे तिला आपल्या भावाच्या गळ्यातही तिनेच बांधलं. "आळशी आहे, पण भांडत नाही. भांडायला मी आहेच," असं तेव्हाच बजावून ठेवलं होतं. लोकांना वाटे, नणंद-भावजय एकाच लॅबमध्ये म्हणजे विळ्याभोपळ्याचं सख्य असणार. भांडणं व्हायची, रोज व्हायची. टिकायची नाहीत एवढंच.

टिकणार कशी? लॅबमध्ये दोघांनी एकदम बघायचा मायक्रोस्कोप होता. समोरासमोर बसायचं, मधे एकच काच, गुडघ्याला गुडघा लागलेला. काच सरकवणं थोरलीकडे. बोट दाखवायला आत उजेडाचा एक बाण असायचा.

"बाणाच्या टोकाला बघ."

"बघितलं. मला नाही पटत."

"पटेल, दम धर."

थोरली फोकसची चकती केसभर फिरवायची आणि खालच्या थरातल्या पेशी वर यायच्या. अडलेली प्रत्येक काच अशी दोघींनी बघायची, मगच रिपोर्ट लिहायचा. सकाळी घरच्या कुठल्यातरी फालतू गोष्टीवरून तोंडं फुगवून आलेल्या या बायका दुपारी एकाच थर्मासमधला चहा पीत बसलेल्या असायच्या.

मग धाकटीने स्कॅनर आणायचा हट्ट धरला. हट्टात वावगं काही नव्हतं. काचा खणात रचायच्या, झाकण लावायचं, की चहा होईतो सगळ्यांची चित्रं पडद्यावर हजर. लांबच्या हॉस्पिटलातल्या सर्जनलाही तीच चित्रं दिसणार. "म्हणजे आता टीव्हीवर पेशी बघायच्या," एवढंच थोरली म्हणाली. कंपनीचा माणूस शिकवायला आला तेव्हा मात्र पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी पुढे जाऊन बसली.

त्या माणसाने जाता जाता धाकटीला एक गोष्ट निक्षून सांगितली होती. मांसाच्या पातळ कापाला एका थराचं चित्र पुरतं. सुईने ओढून काचेवर पसरलेल्या पेशींचं तसं नसतं. त्या कुठे विरळ, तर कुठे एकमेकींवर चढून बसलेल्या. तिथे मशीनला अनेक थर घ्यायला सांगावं लागतं, आणि मग वेळही जास्त लागतो, फाईलही जड होते. काचांची रांग तुंबायला लागली तेव्हा धाकटीने सगळ्यांसाठी एकच थर करून टाकला. टेक्निशियनला सांगितलं. थोरलीला सांगायचं राहून गेलं.

दोघींना आता दोन खोल्या झाल्या, मधे भिंत. अडलेली काच पडद्यावरून पाठवायची आणि दुसरीने चित्राखालच्या चौकटीत आपलं मत लिहायचं. फार सोयीचं होतं ते. उठायलासुद्धा लागायचं नाही.

एका शाळेतल्या शिक्षिकेच्या गळ्यात गाठ होती. तिच्यातून सुईने काढलेला नमुना आला. थोरलीने सवयीप्रमाणे काच मायक्रोस्कोपखाली बघितली, "कॅन्सरचा दाट संशय, गाठ काढावी," असं लिहिलं आणि धाकटीकडे मत मागितलं. धाकटीच्या खोलीत तेव्हा बाहेरचे डॉक्टर नवीन मशीन बघायला आले होते. त्यांच्या देखतच तिने चित्र उघडलं. मधोमध पेशींचा एक धूसर ढीग, बाकी सगळं निवांत. तिने चौकटीत लिहिलं, "संशयास्पद काही नाही. एवढ्यातेवढ्यावर गाठ काढायला सांगू नये." चौकट लॅबमध्ये सगळ्यांना दिसायची, सर्जनलाही. दुसरं वाक्य लिहायची काही गरज नव्हती. पण पाहुणे माना डोलवत होते, आणि माणूस अशा वेळी चढतो.

आता थोरली दार ढकलून आत येणार आणि "वहिनीसाहेब, अक्कल पाजळलीत," म्हणणार, म्हणून धाकटीने उत्तर तयार ठेवलं. थोरली आली नाही. थोड्या वेळाने तिचा बदललेला रिपोर्टच पडद्यावर आला, "काळजीचं कारण नाही." धाकटीला बरं वाटलं. बरं कसलं, जिंकल्यासारखं वाटलं.

त्यानंतर थोरलीचं काम रेंगाळायला लागलं. साध्यातली साधी काचसुद्धा ती मत विचारायला पाठवू लागली. धाकटी वैतागली.

"मशीनवरचा राग माझ्यावर काढतेय तुझी बहीण," तिने नवऱ्याला सांगितलं.

"तिला विचार ना मग."

"मी का विचारू? तिला तोंड नाही का?"

तोंड होतं, पण ते दोघीही मुलांच्या परीक्षा आणि भाज्यांचे भाव यांच्यापलीकडे उघडत नव्हत्या. एकमेकींकडे जेवायला जात होत्या, वाढत होत्या, आग्रह करत होत्या. कामाचा विषय कुणी काढत नव्हतं. मग एक दिवस डोळ्यांचं कारण सांगून थोरली घरी बसली.

पुढे काही महिन्यांनी ती शिक्षिका सर्जनकडे परत गेली. गाठ वाढली होती. त्याने ती काढली आणि तपासायला याच लॅबमध्ये पाठवली. कॅन्सर होता, शंकेला जागाच नव्हती. सर्जन फोनवर शांतपणे म्हणाला, "सावकाश वाढणारा आहे, बऱ्या होतील. पण मानेतल्या इतर गाठींमध्ये उतरलाय. तेव्हाच काढली असती तर तेवढ्यावर भागलं असतं." त्याने आरडाओरडा केला असता तर धाकटीला सोपं गेलं असतं.

तिने कपाटातून ती जुनी काच शोधली आणि मायक्रोस्कोपखाली ठेवली. तोच धूसर ढीग. तिने चकती केसभर फिरवली. पेशी वर आल्या, केंद्रकांमधल्या पोकळ्या, घड्या, कॅन्सरच्या सगळ्या खुणा स्वच्छ. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ओळखू यावं इतकं स्वच्छ. थर तिने कमी केले होते, आणि चित्र धूसर दिसत असताना "काच आणा जरा" म्हणायला तिची जीभही रेटली नव्हती.

धाकटीची एक गोष्ट मानायला हवी, तिने टाळाटाळ केली नाही. मशीनचे थर त्याच दिवशी पूर्ववत केले. सर्जनला सांगितलं. शिक्षिकेला जाऊन भेटली. त्या बाईने सगळं ऐकून घेतलं आणि मग दाराकडे बोट दाखवलं. तिथून धाकटी तशीच थोरलीच्या घरी गेली. मनाशी ठरवलं होतं, वाट्टेल तेवढं बोलून घेऊ दे, पाय धरायला लावू दे, पण हिला लॅबमध्ये परत आणायचंच.

थोरली स्वयंपाकघरात मटार सोलत होती. "ये," म्हणाली आणि समोरची खुर्ची पायाने सरकवली.

"तू बरोबर होतीस," धाकटी बसायच्या आधीच म्हणाली. "ती गळ्याची गाठ. शिक्षिकेची. मी मशीन एकाच थरावर लावलं होतं, तुला सांगितलंही नव्हतं. चित्रात दिसणार कुठून? काच आज बघितली मी."

थोरलीचे हात थांबले. "म्हणजे कॅन्सर होता?"

"हो."

"त्या कशा आहेत?"

धाकटीने सर्जनचं सगळं बोलणं सांगितलं. काही वगळलं नाही. मग म्हणाली, "चूक माझी. सगळ्यांना सांगते तसं, हवं तर त्याच चौकटीत लिहिते. तू परत ये. मला एकटीला नाही जमत गं."

"मी रागाने रिपोर्ट बदलला असं वाटलं तुला?"

"मला वाटलं, झोंबलं तुला."

"झोंबलं तर होतंच. पण त्याने नाही बदलला." थोरली शांतपणे बोलत होती. "ती काच माझ्या टेबलावरच पडली होती. नुसता हात लांब करायचा होता. मी परत लावून बघितली नाही."

"का?"

"तू नाही म्हणालीस म्हणून. मला वाटलं, हिला दिसत नाही म्हणजे मलाच भलतं काहीतरी दिसलं असणार. मग पुढे सगळ्याच काचांचं तसं व्हायला लागलं. दिसायचं, पण खरं वाटायचं नाही."

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. "भांडायचंस ना माझ्याशी. एरवी सोडतेस का कधी?"

"एरवी तू समोर असायचीस."

"आता तरी कळलं ना, तुझे डोळे ठणठणीत आहेत. काही झालेलं नाही त्यांना. उद्यापासून ये."

थोरलीने मटारांचं भांडं बाजूला ठेवलं. "इतके दिवस मला वाटत होतं, मी चुकीचं बघितलं. तेवढं सोसत होतं मला. वय झालं म्हणायचं आणि गप्प बसायचं. तुला तर ते दिसलंच नव्हतं. मला दिसलं होतं. मी बघितलं होतं आणि काळजीचं कारण नाही म्हणून खाली सही केली."

धाकटी काहीतरी बोलायला गेली. पण "तू बरोबर होतीस" एवढंच घेऊन ती इथवर आली होती, आणि ते तर सांगून झालं होतं.