रुसलेलं बी

शिंपीकाकांनी दुकान मुलाच्या हवाली केलं आणि गच्चीवर भाजीपाला करायला घेतला. गेल्या वर्षी टोमॅटो इतके लागले, की पिशवी घेऊन येणारे काका दिसले की शेजारी दार लोटून घ्यायचे. यंदा मात्र रोपांच्या ट्रेमध्ये शुकशुकाट. जे चार-दोन कोंब वर आले, तेही मान टाकून, पानांच्या कडा करपलेल्या.

"बियाणंच बोगस," काकांनी जेवताना निकाल दिला. बी आणलं होतं सुनेनं, आणि ती कामाला बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत.

ती शांतपणे म्हणाली, "बाबा, नावं ठेवण्याआधी बियालाच विचारू ना."

तिनं बशीत ओला कागद घातला, त्यावर तेच बी पसरलं आणि प्यायचं पाणी शिंपडलं. बी झकास उगवलं. माती तर नवीच होती.

"मग राहिलं पाणी. कुठलं घालता?"

"पिंपातलं," काका ऐटीत म्हणाले. "यंदा जिन्याखाली ते जड पाणी हलकं करणारं यंत्र बसवलंय ना, ते मधूनमधून गटारात पाणी सोडतं. फुकट चाललं होतं. मी नळी लावून अडवलं."

सून तडक खाली गेली. यंत्राशेजारी मिठाची गोणी. तिनं पिंपात बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. मागोमाग काकांनीही.

"अगं, हे तर खारट ढाण!"

"यंत्र मिठानं स्वतःला धुतं, बाबा. ते धुवण तुम्ही टोमॅटोला पाजताय, म्हणून बी तहानलेलंच राहिलं."

काका ओशाळले. त्यांनी नळी काढून टाकली. पण पायऱ्या चढता चढता त्यांच्या डोक्यात किडा वळवळलाच. "बी तर ओल्या मातीत होतं. मग ते तहानलं कसं?"

"मीठ पाणी धरून ठेवतं. बी आपल्याकडे ओढतं, मीठ सोडत नाही. वर ते मीठ आत शिरलं, की बाधतं ते वेगळंच."

"मग आपलं बी मेलं, की नुसतं रुसलंय?"

"काही मेलं असेल, काही थांबलं असेल. आत्ता नाही सांगता येणार."

झालं! काकांना एवढं पुरे होतं. त्यांनी माती चाळली, चष्मा नाकावर ओढून चिमट्यानं एकेक बी वेचलं, गोड्या पाण्यात धुतलं आणि बशांमधल्या ओल्या कागदावर मांडलं. शिवाय कमी-जास्त मिठाच्या पाण्यात मुळा, घेवडा आणि बीट यांचं बीही घालून पाहिलं.

"या घरात चहाला बशी मिळेल का?" काकूंनी विचारलं. कुणाचं लक्षच नव्हतं.

घेवड्यानं सगळ्यांत आधी हात टेकले. मऊ पडून कुजला. मुळा उगवला, पण मुळं आखूड. बीट मात्र बेफिकीर, थोडं मीठ त्याच्या खिजगणतीत नव्हतं. धुतलेल्या टोमॅटोच्या बियांवर बुरशी चढत होती. काका तरी रोज डोकावत.

एका सकाळी ते ओरडले, "सूनबाई, उठलं गं!"

कामावर निघालेली सून एका पायात चप्पल घालून धावत आली. बऱ्याचशा बिया काळ्या पडल्या होत्या, पण काहींतून पांढरं मूळ डोकावत होतं. काकांनी टेप लावून मोजूनही पाहिलं.

"एकदा सोसलंय यांनी," ते हळूच म्हणाले. "आता पुन्हा थोडं खारट पाणी दिलं, तर इतरांपेक्षा जास्त तग धरतील का गं?"

"बाबा, आमच्याकडेही यावर वाद घालतात," ती म्हणाली आणि दुसरी चप्पल राहिली बाजूला, तिथंच फतकल मारून बसली. "काही रोपं वेगळी काढा. बघूच."