तोंड दाखवणारी बॅटरी

बॅटरी घ्यायला बायजा एकटीच निघाली होती; पण कडाव गावात एका बाईला वस्तू घ्यायची म्हटली की सल्ला द्यायला दोन पुरुष फुकट मिळतात. दीर येसाजी आला, कारण घरातला कर्ता पुरुष तो. आणि वरच्या आळीतला भिवाजी आला, कारण त्याला, त्याच्याच शब्दांत, बायजाकाकीची फार काळजी.

काळजी करण्यासारखं घडलं होतं हे खरं. नवरा गेल्यापासून सात वर्षं बायजा रोज पहाटे दुधाचा हंडा डोक्यावर घेऊन दहिवलीवरून कर्जतला जायची. गेल्या महिन्यात ओढ्यापाशी काळोखातून कुणीतरी तिच्यावर चारदा खडे मारले, आणि पाचव्या वेळी मागून येऊन असा धक्का दिला की सगळं दूध रस्त्यावर. माणूस दिसला नाही, त्यानं आवाजही केला नाही. बायजा घाबरली, आणि आपण घाबरलो याचाच तिला जास्त राग आला.

येसाजीनं निकाल देऊन टाकला. "वैनी, आता बास. सोमवारपासून दूध भिवाजी पोचवंल. त्यो सोताहून तयार हाय."

दूध दुसऱ्याच्या हाती गेलं की गिऱ्हाइकं जाणार, मग म्हशी दिराच्या गोठ्यात जाणार, आणि आपण जन्मभर चुलीपुढं, हे बायजाला कुणी सांगायला नको होतं. तिनं भांडभांडून एवढं कबूल करून घेतलं की चांगली बॅटरी मिळाली आणि तिच्यानं निभतंय असं येसाजीला पटलं, तर फेरी तिच्याकडेच राहील.

शशिकांतचं दुकान कर्जतच्या बाजारात, त्याच्याच भाताच्या वखारीला लागून होतं. लढाईचे दिवस, निम्मी फडताळं रिकामी; पण बॅटऱ्या तीन होत्या, दोन सेलची, तीन सेलची आणि पाच सेलची. शशिकांत शिकलेल्या घरातला, वस्तू समजावून सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. पण त्यानं तोंड उघडायच्या आत भिवाजीनं पाच सेलची उचलून हवेत फिरवलीसुद्धा.

"हीच घे, काकी! टाळक्यात एक हाणली की मानूस आडवा!"

"बरूबर हाय," येसाजी म्हणाला. "वजनदार पायजे."

बायजानं ती हातात तोलून पाहिली. "डोक्यावर हंडा, एक हात हंड्याला. दुसऱ्या हातानं ह्यो मुसळ परजू व्हय? आन् हाणायचं कुनाला? आदी दिसाय तर पायजे."

"मग ही छोटी घ्या," शशिकांतनं दोन सेलची पुढं केली. "कमरेला खोचता येते."

तिनं ती खोचली आणि दुकानातल्या दुकानात दोन येरझारा घातल्या. बॅटरी जागची हलली नाही. तीन सेलचीही खोचून पाहिली. जरा जड, पण राहिली.

आता उजेड बघायचा. बाहेर तर आश्विनातलं भर दुपारचं ऊन. पुरुष मंडळी बॅटऱ्यांच्या काचा बोटानं पुसून माना डोलवायला लागली.

"भाऊ, ती वखार उघडा," बायजा म्हणाली. "नवं भात अजून यायचंय, रिकामीच आसंल. भावजी, भिवाजी आन् हा हमाल लडकू, तिगं तिकडच्या भितीला हुबं ऱ्हावा. कोन कुटं ते मला सांगू नका. मी वळखते का बगू."

"वळखून काय करायचंय?" भिवाजीनं विचारलं.

"काळोखात बाईच्या अंगावर येनाऱ्याला तोंड नसतं रं. म्हनून तर त्याला हिंमत हुती. तोंड दिसलं की नाव कळतं. मग हाणायची पाळीच येत नाय."

शशिकांत बघतच राहिला. इतक्या बॅटऱ्या विकल्या, पण हे त्याला कुठल्या कंपनीनं कळवलं नव्हतं.

वखारीचं दार लागलं. शशिकांतनं आधी दोन सेलची भरून दिली. पिवळट उजेडात तीन धोतरं तेवढी दिसली. "लडकू, पोट आत घे," बायजा म्हणाली. ते पोट येसाजीचं होतं. लडकू खिदळला, येसाजी नाही. मग तेच सेल काढून, आणखी घालून, पाच सेलची. त्या झोतानं तिघांनीही डोळ्यांवर हात घेतले आणि तोंडं कोपरांमागं गेली. बायजानं ती परत दिली.

तीन सेलची मात्र नीट लागली. "हा लडकू. दाढी वाढलीय. हे भावजी. मगाचं मनाला लावून घेऊ नका." उजेड पुढं सरकला आणि भिवाजीवर थांबला. दहा पावलांवरून त्याच्या मिशीचा केस न् केस वेगळा दिसतो का, हे बायजाला पाहायचं होतं. ती निरखत राहिली. भिवाजी आधी हसला. मग त्याचं हसू ओसरलं.

"काय बगतीस, काकी?"

बायजा डाव्या मिशीवरून उजवीवर गेली. मोजता मोजता चुकली, म्हणून परत डावीवर आली. भिवाजीच्या कपाळावर घाम आला, आणि तो मटकन खालीच बसला.

"चुकलं गं, काकी! खडे मीच मारले! पर दूध सांडायचं मनात नवतं, तू नुसती भ्यावीस, फेरी सोडावीस एवडंच! परत नाय करनार!"

सगळ्यात जास्त थक्क झाली ती बायजा. पण ते दाखवण्याइतकी ती भोळी नव्हती. तिनं उजेड तसाच धरून ठेवला. येसाजीनं शेजारच्या काळोखात पायातलं पायताण काढलं, आणि पुढची काही मिनिटं भिवाजीची जी काळजी घेतली गेली तिचे आवाज बाजारापर्यंत ऐकू आले.

"वैनी," येसाजी दम खात म्हणाला, "सोमवारपासून..." त्यानं पायताण परत पायात घातलं. "सोमवारपासून तुमीच जा."

सात वर्षांत इतकं बरं बायजाला वाटलं नव्हतं. "हीच द्या, भाऊ," ती म्हणाली.

शशिकांतनं बॅटरी उघडून तिन्ही सेल आपल्या हातावर काढून घेतले. "बॅटरी तुमची, बायजाबाई. पण सेल हे एवढे पाचच उरलेत, ते दाखवण्यापुरते. मुंबईहून आले की पहिले तुमचे."

येसाजीचं तोंड उतरलं. बायजानं रिकामी बॅटरी कमरेला खोचली. "आसू द्या. फकस्त कुनाला बोलू नका."

सोमवारी पहाटे ओढ्याजवळ समोरून पावलं वाजली. बायजाचा हात कमरेकडं गेला.

"मी हाय गं, बायजा! आबाजी!" काळोखातून घाईघाईनं आवाज आला. "शेतावर चाललोय!"

पुढं बांधावरून कुणीतरी ओरडलं, "गौराबाईचा थोरला हाय, मावशी!" दहिवली येईपर्यंत पाच पुरुषांनी न विचारता आपापली नावं सांगितली, एकानं तर बापाचंही सांगितलं.

"बरं बरं, जावा," हंडा सावरत बायजा प्रत्येकाला म्हणत गेली.

सेल दिवाळीनंतर आले. शशिकांतनं दोनदा निरोप पाठवला, तेव्हा कुठं सवड काढून ती ते घेऊन आली.