कोऱ्या यंत्रावर

आई गेल्यावर तिचं एक काम माझ्या गळ्यात पडलं. पडलं कसलं, मीच मागून घेतलं. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा एक छोटा प्रोग्राम तिने मामासाठी लिहिला होता. नजर गेल्यापासून मामाचं सगळं वाचन त्यावरच चालतं. लिनक्स या मोफत संगणक-प्रणालीच्या एका वितरणात, म्हणजे तयार संचात, तो पॅकेज म्हणून मिळायचा. आता वितरणाची नवी आवृत्ती येत होती आणि आईचं पॅकेज तपासणीत नापास होत होतं. महिनाअखेरीपर्यंत पास झालं नाही, तर वितरणवाले ते वगळणार होते.

ही तपासणी माणूस करत नाही. दर वेळी एक कोरं यंत्र, म्हणजे मूळ प्रणालीखेरीज काहीच नसलेला संगणक, उभं राहतं, त्यावर पॅकेज चढतं, आईने लिहिलेली चाचणी चालते आणि यंत्र पुसून टाकलं जातं. आईच्या संगणकावर मात्र तीच चाचणी बिनबोभाट पास होत होती.

वितरणातले एक जुने सभासद, आई त्यांना हेडमास्तर म्हणायची, फोनवर म्हणाले, "चाचणीच काढून टाका. पॅकेज आत जाईल. पुढचं पुढे बघू."

मामा शेजारीच चहा फुंकत होता. फोन ठेवल्यावर म्हणाला, "काढ की. थर्मामीटर फोडला की ताप उतरतोच."

"मग काय करू? इथे तर चालतंय."

"इथे चालेलच गं. तुझ्या आईचा संगणक म्हणजे भरलेलं फडताळ. हात घालशील ते निघतं. त्यावर पास होण्यात कसली मर्दुमकी?"

मी तसंच एक कोरं यंत्र स्वतः उभं केलं. चाचणी मध्येच अडली: आवाज सापडत नाही. बोलणारा आवाज वेगळ्या पॅकेजात असतो. आजवर तो दुसऱ्याच एका पॅकेजाचं बोट धरून यायचा. नव्या आवृत्तीत त्या पॅकेजाने बोट सोडलं होतं. आईने तो कधी मागितलाच नव्हता. घरात होताच, मग मागायचा कशाला?

आईच्या पॅकेजाला लागणाऱ्या गोष्टींच्या यादीत मी आवाजाचं नाव घातलं आणि बदल पाठवला. दुपारी निकाल आला, पास झाल्याची हिरवी खूण.

"हिरवं झालं, मामा. राहिलं आपलं पॅकेज."

"मला हिरव्याचं काय कौतुक? ऐकव."

कोऱ्या यंत्रावर मी त्याचं वर्तमानपत्र उघडलं. आवाज सुरू झाला, भरभर, शब्दांना श्वासही न घेऊ देता. तो वेग आईने ठरवलेला.

"कमी करू का?"

"राहू दे. तिचं सगळं मी धावतच ऐकलंय." त्याने बातमी शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाला, "पुढची बातमी लाव."