कोणीच न बोललेलं वाक्य

“हे वाक्य कोण बोललंय?” नोंदप्रमुखांनी कागद तिच्यापुढे सरकवला आणि एका ओळीवर पेन्सिलीचं टोक टेकवलं.

तिनं चष्मा लावला. सातवं पान. ‘थांबा आता, आजोबा. खूप केलंत तुम्ही. जरा टेका.’

“फोन घेणाऱ्या बाई बोलल्या असतील,” ती म्हणाली.

“नाही बोलल्या. मी तीनदा ऐकलं. आजोबा विचारतात, थांबू का? मग चार सेकंद काहीच नाही. मग बाई म्हणतात, नका थांबू, दाबत राहा. हे मधलं कुणीच बोललेलं नाही.”

गळ्यात ‘अभ्यागत’ असा पास होता, तो तिनं उगीचच सरळ केला. या इमारतीत ती नऊ वर्षांत दुसऱ्यांदा येत होती. संकटात सापडलेली माणसं इथे फोन करायची, इथल्या बाया ते घ्यायच्या, धीर द्यायच्या, गाडी पाठवायच्या. त्या फोनांची रेकॉर्डिंग एका ठेकेदारामार्फत तिच्या घरी यायची आणि ती शब्दन् शब्द टाइप करून परत पाठवायची. उद्या कोर्टकचेरी झाली तर हाच कागद पुरावा. त्यात पदरचा एक शब्द घालायचा नाही, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

“हे... मी लिहिलंय?”

“तेच मी विचारतोय.” नोंदप्रमुख निवृत्तीला आलेले गृहस्थ होते. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. “नऊ वर्षांत तुमच्या कागदात काना-मात्रेची चूक निघाली नाही. आणि आता एकदम अख्खं वाक्य?”

“साहेब, काम काढून घेऊ नका. परत असं नाही होणार.”

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “झोप लागते का तुम्हाला?”

या प्रश्नाची तिला तयारी नव्हती.

“आमच्या फोनवरच्या बायकांसाठी दर गुरुवारी समुपदेशक येतात,” ते म्हणाले. “मन मोकळं करायला. तुम्हीही या.”

“मी कुठे तुमच्या ऑफिसातली? मी बाहेरची.”

“हो,” नोंदप्रमुख म्हणाले. मग त्यांनी ते वाक्य एका सरळ रेघेनं खोडलं आणि बाजूला सही केली.

घरी तिचं टेबल स्वयंपाकघराच्या दाराशी होतं. सासूबाईंना ऐकू कमी यायचं; शेजारीपाजारी त्या कौतुकानं सांगायच्या, “आमची सून मोठी हौशी. दिवसभर कानात गाणी घालून बसते!” ती हसून वेळ मारून न्यायची. कामाबद्दल घरातसुद्धा बोलायचं नाही, असं तिनं लिहून दिलं होतं. सुरुवातीला नवरा विचारायचा, “आज काय विशेष?” ती म्हणायची, “काही नाही, नेहमीचंच.” पुढे त्यानं विचारणं सोडलं.

त्या आजोबांचा फोन अकरा मिनिटांचा होता. भर दुपारी त्यांची बायको खुर्चीवरून घसरली होती. गाडी येईपर्यंत बाई त्यांना छाती दाबायला सांगत होत्या, आकडे मोजत होत्या. आजोबा दाबत होते आणि मधूनच बायकोला रागे भरत होते, “अगं, ऊठ की! लोक आलेत घरात!” घरात कुणीही आलेलं नव्हतं.

ते टाइप केल्यापासून तिला एक नवीनच खोड लागली होती. दुपारी सासूबाई आडव्या झाल्या की ती हातातलं काम टाकून त्यांच्या नाकाशी बोट धरायची. एकदा म्हातारीनं खाडकन डोळे उघडले.

“मेले नाही अजून! काय बघतेस?”

“माशी बसली होती.”

“मग माशीला मार की. माझ्यावर का टपली आहेस?”

ती हसत हसत न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि तिथेच भिंतीला टेकून बसली. हसणं कधी थांबलं ते तिला कळलं नाही.

इकडे तिलाही समुपदेशनाला येता यावं म्हणून नोंदप्रमुखांनी अर्ज केला. ‘ठेक्यावरील व्यक्ती योजनेत बसत नाहीत,’ असं एका ओळीचं उत्तर आलं. त्यांनी दुसरा केला, तोही परत आला. तिसऱ्या वेळी ते कागद घेऊन स्वतःच वरच्या मजल्यावर गेले आणि म्हणे दोन तास तिथल्या बाकावर ठाण मांडून बसले. तिला हे नंतर कळलं. तिच्या हातात आलं ते फक्त पत्र. टंकलेखन, सफाई, वाहनचालक, सगळ्या बाहेरच्या माणसांना गुरुवारी चार वाजता येता येईल.

खोलीत पाच खुर्च्या गोल मांडल्या होत्या. ती दाराजवळची धरून बसली. समुपदेशक बाई काही बोलणार एवढ्यात पलीकडची एक ठेंगणी, गोलमटोल बाई उठली. “जरा खिडकी उघडते हं.”

हा ‘हं’ तिनं हजारो वेळा टाइप केला होता. हाच आवाज. तिच्या डोळ्यांपुढे मात्र कायम एक उंच, सडपातळ बाई असायची.

ओळखी झाल्या. तिनं सांगितलं, “मी बाहेरची. तुमचे फोन टाइप करते.”

“मग तुम्हाला कसला त्रास?” शेजारची तरुण मुलगी म्हणाली. तिच्या बोलण्यात कुजकेपणा नव्हता, खरंच प्रश्न पडला होता. “माणूस तर आमच्या अंगावर येतो. तुमच्याकडे येईपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं.”

ती गप्प बसणार होती. नेहमी तेच करायची. पण का कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, “तुम्ही एकदा ऐकता हो. मला मागे नेऊन ऐकावं लागतं. आजोबा ‘थांबू का’ म्हणाले की ‘सांगू का’ म्हणाले, मला उमजेना. धाप लागली होती ना त्यांना. अकरा वेळा ऐकलं मी ते.”

खिडकी उघडणाऱ्या बाईनं चष्मा काढला.

“‘लोक आलेत घरात’ म्हणत होते, तेच ना?”

“हो.”

“माझा होता तो फोन.”

“माहीत आहे. तुमचा आवाज ओळखते मी.”

मग इतके दिवस जिभेवर असलेलं तिनं विचारून टाकलं, “पुढे काय झालं? त्या आजी...”

“मला कुठे कळतं?” बाई म्हणाल्या. “गाडी दारात आली की फोन ठेवायचा आणि पुढचा घ्यायचा. मला वाटायचं, तुम्हा लोकांकडे सगळी फाईल येत असेल.”

“नाही. माझं रेकॉर्डिंगही तिथेच संपतं.”

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

“ते चार सेकंद,” तिनं चाचरत सांगितलं, “तिथे मी चूक केली. भलतंच लिहिलं. साहेबांनी बोलावून घेतलं मला.”

“काय लिहिलंत?”

तिनं ते वाक्य सांगितलं. सांगताना आवाज इतका लहान झाला, की बाईंना खुर्ची पुढे ओढावी लागली.

“मला नियमानं थांबा म्हणता येत नाही हो,” बाई म्हणाल्या. “ओठ दाबून धरले होते मी. चारच सेकंद होते का ते? मला केवढे वाटले.”

“साहेबांनी खोडलं ते.”

“खोडू दे. कुणीतरी म्हणालं ना त्यांना.”

पाच वाजता सगळ्या उठल्या. दोघी एकाच बसथांब्याशी आल्या. ऊन उतरलं होतं, रस्त्यापलीकडचा न्हावी दुकानापुढे पाणी मारत होता. बाई बाकावर टेकल्या आणि त्यांनी पिशवी मांडीवर घेतली.

“घरी कोण कोण असतं?” त्यांनी विचारलं.

“नवरा आणि सासूबाई. सासूबाईंना वाटतं, मी दिवसभर गाणी ऐकते.” एवढं म्हणून ती थांबली. बाई पुढचं ऐकायला मान कलती करून बसल्या होत्या, तेव्हा तिनं ती नाकाशी बोट धरायची गोष्ट सांगायला घेतली. माशीचं आलं तेव्हा बाई खुदकन हसल्या. न्हाणीघराचं आलं तेव्हा त्या हसल्या नाहीत.

बाईंची बस आली. दार उघडलं. त्यांनी हातानंच चालकाला जा म्हणून खुणावलं. दार मिटलं, बस निघाली. ती बोलत होती.