गाळलेल्या चार ओळी

नाटक एक, नवराबायको दोघं आणि खोल्या वेगळ्या, असा त्यांचा धंदा होता. चारशे वर्षांपूर्वी छापलेल्या इंग्रजी नाटकांच्या पानांचे फोटो त्यांच्याकडे येत आणि दोघं ती स्वतंत्रपणे संगणकावर टाइप करत. मक्षिकेच्या जागी मक्षिका. जुन्या छापखान्यानं चुकीचं अक्षर बसवलं असेल तर चुकीचंच. मग संगणक दोन्ही प्रती ताडून पाही, आणि जिथे फरक निघेल तिथे संपादक मूळ पान उघडून निवाडा करत.

बाई मूळची भौतिकशास्त्राची. दोघांनी एकाच जागी एकच चूक करण्याची शक्यता किती, ते तिनं सुरुवातीलाच काढून ठेवलं होतं. नगण्य. "म्हणजे आपलं जितकं पटणार नाही तितकं काम चोख," नवरा म्हणाला होता. सासूबाई म्हणायच्या, "एकानं टाइप केलं असतं तर दुसऱ्यानं भांडी तरी घासली असती."

मुलगी गेल्यापासून घरात असं कोणी बोलत नसे. सहा वर्षांची होती; तापाचं निमित्त झालं. भेटायला येणारे येऊन गेले, सासूबाई धाकट्या दिरांकडे राहायला गेल्या, आणि ही दोघं टाइप करत राहिली. भूल दिलेल्या दाढेवर डॉक्टर काम करतो ते कळतं पण दुखत नाही, तसे दिवस जात.

त्या सकाळी संपादकांचा फोन आला. त्यांना सगळे भिंगकाका म्हणत. खिशात एखादवेळी पेन नसे, पण भिंग असे.

"चौथ्या अंकातली माझी एक तळटीप लोंबकळतेय," ते म्हणाले. "ज्या शब्दावर लिहिली तो शब्दच तुमच्या मजकुरात नाही. मूळ पान पाहिलं, तर चार ओळी गायब, बाई. दोघांच्याही प्रतींतून. म्हणून तर संगणक गप्प बसला."

"दोघांच्याही?"

"हो. आता स्पष्ट विचारतो, राग मानू नका. कोणी कोणाचं उतरवलं?"

तिनं नवऱ्याच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"उतरवलं असेल तर तुम्ही आतापर्यंत केलेली पाचही नाटकं दुसऱ्यांकडून पुन्हा करून घ्यावी लागतील. तुमचं कामही थांबवावं लागेल. मला काही त्यात आनंद नाही. संध्याकाळपर्यंत सांगा."

तिनं उतरवलं नव्हतं. म्हणजे त्यानं. हिशेब सरळ होता. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिला राग आला, आणि राग आला याचं जरा बरंच वाटलं. ते पान उघडलेला लॅपटॉप घेऊन ती त्याच्या खोलीत गेली.

"माझं उतरवलंस?"

"काय?"

"चौथा अंक. भिंगकाकांचा फोन होता. चार ओळी गेल्यात, माझ्याही आणि तुझ्याही."

"वेड लागलंय का? तुझ्या फाइलला मी हातही लावला नाही. उद्या म्हणशील, तुझा चहाही मीच प्यायलो."

तिनं पान त्याच्यासमोर धरलं. त्या चार ओळींत नाटकातल्या एका सरदाराची बायको थडगं खणणाऱ्याशी बोलत होती. खड्डा जरा लांब खण, ती सांगत होती. पोर वाढत्या अंगाची आहे.

त्यानं वाचलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"या पाहिल्या होत्या मी," तो म्हणाला.

"मग?"

"म्हटलं, तू करशीलच. फरक दिसेल, काका भरून घेतील. माझ्या नावावर एक चूक लागेल, एवढंच."

ती उभीच राहिली. मग तिला आठवलं. या पानाशी तीही थांबली होती. उठून खिडकी लावली होती, पाणी प्यायली होती, आणि पुढचं पात्र बोलायला लागतं तिथून सुरुवात केली होती. तो करेल म्हणून.

"मीही तेच म्हटलं," ती म्हणाली.

दोघंही रडली नाहीत. त्यानं तिच्यासाठी खुर्ची सरकवली. ती बसली नाही.

दुपारीच तिनं फोन लावला. "कोणी उतरवलं नाही, काका. आम्ही त्या ओळी सोडल्या. आपापल्या खोलीत."

"त्याच चार? बाई, शक्यतेचं गणित तुम्हीच मला शिकवलं होतं."

"चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच ते गणित खरं. आमच्या आता तशा राहिल्या नाहीत. पाचही नाटकांची एक प्रत तरी दुसऱ्या कोणाकडून करून घ्या. आणि यापुढे आम्हा दोघांना एका नाटकावर ठेवू नका."

पलीकडे भिंग टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मुलीचं त्यांना माहीत होतं, आणि पान तर त्यांच्यासमोरच असणार.

"बरं," ते शेवटी म्हणाले. "आणि या चार ओळी?"

"त्या आम्ही पाठवतो."

तिनं फोन ठेवला तेव्हा नवरा दारात उभा होता. "तू कर ना. चारच तर आहेत."

"दोघांनी करायच्या."

तो आपल्या खोलीत गेला. तिनं पहिली ओळ टाइप केली, दुसरी केली. भिंतीपलीकडून त्याच्या कीबोर्डचा आवाज येत होता. मग तो थांबला. तिनंही हात उचलले आणि मांडीवर ठेवले. बऱ्याच वेळानं पलीकडे एक कळ वाजली, मग आणखी एक, सावकाश, आणि ती तिसऱ्या ओळीकडे वळली.